भिंतीआधी आढं

शिंप्याने वेळेच्या गोष्टी करू नयेत असं माझी बायको म्हणते, आणि तिचं चुकत नाही. रिसोडात माझ्याकडून ठरल्या दिवशी कपडा मिळालेला माणूस शोधून सापडणार नाही. एका नवरदेवाचा लग्नाचा कोट मी त्याच्या पोराच्या बारशाला दिला होता. पण म्हणूनच सांगतो, वेळ जुळवणं ही काय चीज आहे ते माझ्यासारख्यालाच जास्त कळतं. आणि ती जुळवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे दौलतसिंग.

दौलतसिंग गावाबाहेरच्या तांड्यातला बंजारा. मजुरांच्या टोळीचा मुकादम. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. त्याला लिहिता येत नव्हतं आणि त्याबद्दल त्याला लाजही नव्हती. माझ्या दुकानासमोर सैफुद्दीन सेठचं कापसाचं दुकान होतं. तिथे कापूस उतरवायला दौलतसिंगची टोळी असायची, त्यामुळे त्याचा सगळा कारभार मला मशीनवर बसल्या बसल्या दिसायचा. माझी कामं मागे का पडत, याचंही कारण त्यात थोडं आलंच.

दरवर्षी दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं गाड्या जुंपून खानदेशाकडे सडकेच्या कामाला निघायची ती पार उन्हाळ्यात परतायची. दौलतसिंगही बायको गोमतीबाईला आणि पोरांना घेऊन जायचा. त्याची म्हातारी आई भुरीबाई मात्र मागे राहायची. ती पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि डोळ्यांनीही तिला अंधुक दिसायचं. शेजारच्या रामीबाईच्या भरवशावर तिला ठेवून हे जात. मग एके वर्षी रामीबाईच तापाने फणफणली, तिला उठवेना, आणि भुरीबाई कित्येक दिवस नुसत्या पाण्यावर पडून होती. लेक परत आल्यावर म्हातारीने त्याला यातलं अक्षर सांगितलं नाही. ते रामीबाईने गोमतीबाईला सांगितलं, रडत रडत. त्या दिवशी दौलतसिंग माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. उठताना एवढंच म्हणाला, "आता मले जाणं नाई. काई बी झालं तरी याडीले सोडून मी आता जात नाई." त्यांच्यात आईला याडी म्हणतात.

म्हणणं सोपं होतं. इथे पोट कशावर भरणार, हा प्रश्न होताच.

नेमकं त्याच वेळी सैफुद्दीन सेठच्या डोक्यात जीन घालायचं आलं. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. सेठ मोठा हौशी माणूस. मनात आलं की उद्याच व्हावं, असा. त्याने इंजिन सांगून टाकलं, गावाबाहेर जागा घेतली, आणि मग एक दिवस दौलतसिंगला बोलावून विचारलं, "दौलतसिंग, मिरगाच्या आत छप्पर होईन का? खरं सांग. नाई होत असन तर इंजिन मी हिंगोलीले मेव्हण्याकडे पाठवतो, त्याचं छप्पर तयार हाय. आन् झालं, तर दसऱ्याले जीन सुरू, आन् तू माहा बारमाही मुकादम."

ही त्रेपन्न सालच्या होळीनंतरची गोष्ट. दौलतसिंगने लगेच हो म्हटलं नाही. त्याने चुलीतला एक कोळसा मागितला आणि सेठच्या दुकानालगतच्या गोदामाच्या रस्त्याकडच्या पांढऱ्या भिंतीवर आडवी रेघ ओढली, इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत. सेठ पाहतच राहिला. चुना नुकताच लावला होता.

"हा मिरग," म्हणत दौलतसिंगने रेघेच्या शेवटी एक ढग काढला. "इथं पोचाचं हाय. आता मांगं येऊ."

आणि तो खरंच शेवटापासून मागे यायला लागला. त्याच्या आज्याच्या काळी तांडा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा. आजा नाईक होता. कुठे पोहोचायचं ते आधी ठरवायचा, मग मागे मागे येत एकेक मुक्काम धरायचा, आणि मुक्काम तिथेच, जिथे बैलांना पाणी. पाण्याची खात्री नसेल तर तो मुक्कामच नाही. दौलतसिंगने कामालाही तीच रीत लावली. ढगाच्या अलीकडे टिना, म्हणजे छपराचे पत्रे, ठोकण्याचा मुक्काम, त्याच्या अलीकडे वासे, त्याच्या अलीकडे आढं, म्हणजे छपराचं सगळं वजन पेलणारं मधलं लाकूड. मग भिंती, मग पाया. बाजूला वेगळ्या रेघेवर, जऊळक्याच्या स्टेशनावरून गाड्यांवर इंजिन आणणं. प्रत्येकाचं त्याने एक चित्र काढलं आणि चित्राखाली त्याचं पाणी काढलं: टिना ठोकायच्या तर टिना आधी येऊन पडलेल्या हव्यात, भिंत चढवायची तर चुना आधी भिजलेला हवा, आणि माणूस मोकळा हवा.

"रहीमभाई, तुमचं काय म्हणणं?" त्याने गवंड्याला विचारलं. रहीम गवंडी सेठच्याच मोहल्ल्यातला, हात सोन्याचे आणि तोंड तिखट.

"भिंत देतो मी," रहीम म्हणाला. "चैतात पाया, वैशाखात भिंती. पन तुहा तो सुतार येळेवर लाकूड देईन तर."

"उकंडा येते," दौलतसिंग म्हणाला. "वैशाखात त्याच्या हाताले दुसरं काम नसते. वैशाख सरता सरता आढं चढवू, मंग वासे, टिना. जेठात मोकळे."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही माझ्या ओट्यावरून हलवली, माझा काही संबंध नसताना. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की वाटायचं, हे झालंच. जे आज नाही ते कधी असेल, हे डोळ्यांना दिसत होतं. सेठ तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हाताला धरून भिंत दाखवायचा. दौलतसिंगने घरी जाऊन आईला सांगितलं की औंदा जायचं नाही. म्हातारी म्हणाली, "पाहू."

रामनवमीला सगळा तांडा पोहरादेवीला गेला. ते दिवस दौलतसिंगने भिंतीवर आधीच कोरे ठेवले होते, तेव्हा त्याची काही अडचण नव्हती. अडचण आली ती उकंडा सुतार लाकूड पाहायला दुकानी आला तेव्हा.

उकंडा हा अंगाने गोल आणि स्वभावाने त्याहून गोल. कुणाशी भांडण नाही, कशाची घाई नाही. त्याने भिंत पाहिली, कौतुक केलं, आणि आढ्याच्या चित्रावर बोट ठेवून सहज विचारलं, "हे कोणत्या वैशाखात?"

"कोणत्या म्हणजे?" दौलतसिंग म्हणाला.

"औंदा दोन हायेत ना. पयला धोंड्याचा. अवस झाली की लागला." उकंडाने मिशीवरून हात फिरवला. "धोंड्यात आढं चढत नाई, भाऊ. नवं काम मी धोंड्यात सुरू करत नसतो, माह्या बापानं बी केलं नाई. आन् मी तसाही राह्यणार नाई इथं. जावई हाव मी. सासरवाडीचं बोलावणं हाय, जऊळक्याचं. अनारसे झाले बी असतीन."

दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना कुणीच धरला नव्हता. सेठ हिशेब इंग्रजी तारखांवर करणारा. रहीम चांद पाहून चालणारा. आणि तांड्यात सगळी गणती सणांवर, जत्रांवर आणि मोहाच्या फुलांवर, तिथे अधिक महिना दारात येऊन उभा राहतो तेव्हाच कळतो. वैशाख म्हटल्यावर तिघांनीही आपापला वैशाख धरला आणि खुशाल माना हलवल्या. पंचांग पाहणारे आम्ही गावातले, तर आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भिंतीच्या नादात आमच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"मंग धोंडा सरल्यावर चढवा," सेठ म्हणाला. त्याला यात एवढं काय आहे ते कळेना.

आता रहीम बोलला. "सेठ, तुमी बी रोजे धरता ना? धोंडा सरला की चांद. रमजान लागते. दुसऱ्या वैशाखाच्या उन्हात रोजा धरून टिनेवर चढायचं, घोटभर पाणी नाई. माहे माणसं मी वर नाई चढवणार. सकाळच्या पारी थोडंबहुत होईन, पन सारं छप्पर नाई होत."

"आन् ईदीपर्यंत थांबलं तर?"

"ईद मिरगाच्या पल्याड हाय."

भिंतीवर मधला मोठा तुकडा एकदम मेल्यासारखा दिसायला लागला. एका बाजूने धोंड्याने अडवला, दुसऱ्या बाजूने रमजानने, आणि कुणाचंही चूक नाही. सेठने सुस्कारा सोडला आणि हळूच म्हणाला की मग हिंगोलीला कळवावं लागेल. माणूस वाईट नव्हता, पण इंजिन उघड्यावर ठेवून तो तरी काय करणार?

दौलतसिंगचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, हा आता परत जाऊन म्हातारीला काय सांगेल.

पुढचं मला गोमतीबाईने सांगितलं. घरी आला आणि जेवला नाही. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात, ती मला नीट लिहिता येत नाही, तेव्हा आमच्या बोलीत सांगतो. म्हातारीने विचारलं, "काहून जेवला नाई?" दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा त्याने सगळं सांगून टाकलं. धोंडा, रमजान, हिंगोली. दिवाळीला परत गाडी जुंपावी लागेल, हे तेवढं जिभेवर येईना.

म्हातारी ऐकून घेऊन वैतागली. "तुहा आजा काय मईनाभर बैल बांधून बसे? वाईट दिवस येऊन राह्यले असं दिसलं की तो चांगल्या दिवसावर परस्थान ठेवे. एक बैल, त्याच्यावर एक गोणी, आन् शिवेच्या पल्याड नेऊन बांधे. बैल निघाला म्हणजे तांडा निघाला. मंग बाकीचे कवा बी जावोत. तुहं आढं पयले चढव आन् जेव."

"भिंती कुठं हायेत याडी? आढं काय हवेत चढवू?"

"आपल्या घरात आढं भिंतीवर हाय का खांबावर?" म्हातारीने विचारलं.

गोमतीबाई सांगते, यावर त्याने वर पाहिलं. घर त्याने स्वतः बांधलं होतं. खांब आधी, त्यावर आढं, भिंती सर्वात शेवटी, कुडाच्या. मग त्याने ताट ओढलं आणि जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उकंडाकडे गेला तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. दुकान उघडायचं राहिलं, ते जाऊ द्या. दौलतसिंगने सरळ विचारलं, "चालू झालेलं काम धोंड्यात केलेलं चालते का?"

"चालते," उकंडा म्हणाला. "चालूले अडचण नाई. पन मले फसवू नोको हं. एक खिळा ठोकून सुरू झालं म्हणशीन, तर ते मी मानत नाई. आढं म्हणजे आढं. आपल्या जागी, आपल्या उंचीवर, पूजा करून."

"तसंच. दोन खांब उभे करू, त्याच्यावर आढं. भिंती मांगून."

उकंडा जरा वेळ हसला. मग विचारात पडला. मग म्हणाला, "होते तसं. भक्कम खांब लागतीन."

"सागाचे पायले मी काल सेठच्या वखारीत."

पुढच्या दिवसांत, अमावास्येच्या आत, जी पळापळ झाली ती सांगत बसत नाही. रहीमने आधी हात जोडले, म्हणाला, भिंतीआधी छप्पर बांधणाऱ्यांत माझं नाव घालू नका. पण खांबांचे खड्डे त्यानेच घेतले आणि चुन्यात ते असे बसवले की हत्ती बांधला असता तरी हलले नसते. अमावास्येच्या आधी एका चांगल्या दिवशी मोकळ्या मैदानात आढं चढलं. आजूबाजूला जमिनीलगतचा पाया, भिंत एकही नाही. दोन खांब, त्यांच्यावर एक लांब लाकूड, त्याला हळद-कुंकू, आंब्याचे डहाळे, आणि खाली नारळ फोडणारा उकंडा. रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारायची, हे काय, झोका बांधून राह्यले का? दौलतसिंग आपल्या कामात होता. त्याच दिवशी त्याने पहिला वासा आढ्याला टेकवला, पहिली टिन पहिल्या वाशावर ठोकून घेतली, आणि एक रिकामी गाडी जऊळक्याच्या तोंडाने गावाच्या शिवेपलीकडे नेऊन उभी केली. जे जे काम पुढे धोंड्यात येणार होतं त्या प्रत्येकाचं परस्थान झालं. मग गोदामाशी येऊन त्याने जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली. या वेळी त्याने मला हाक मारली आणि विचारलं, "पंचांगात अजून काई हाय का?" मी दोनदा पाहून नाही म्हटलं.

धोंडा लागला. रहीमच्या माणसांना धोंड्याचं सोयरसुतक नव्हतं आणि रोजे अजून लागले नव्हते, तेव्हा भिंती भराभर वर आल्या, आढ्याला जाऊन मिळायला. उकंडा खुशाल सासरी गेला. जाताना म्हणाला, चार दिवसांत येतो. जावई चार दिवसांत येतो म्हणाला की काय समजायचं ते दौलतसिंगला माहीत होतं. त्याने इंजिन आणायला गाड्या धाडल्या त्या नेमक्या तेव्हाच, आणि स्वतः बरोबर गेला. मुक्काम सगळे आधीच ठरवलेले, पाण्यापाशी. परतताना पुढच्या गाडीवर दोरखंडांनी बांधलेलं इंजिन, आणि मागच्या गाडीवर अनारशांचा डबा मांडीवर घेऊन बसलेला उकंडा. सासूने पायाशी वाकून थांबा म्हटलं होतं म्हणे. दौलतसिंगने त्या बाईंना एवढंच सांगितलं की छप्पर उघडं आहे आणि ते मिरगाआधी झालं नाही तर त्याची आई पुन्हा एकटी राहील. यावर त्या बाईंनी स्वतः डबा भरून जावयाला गाडीत बसवलं.

वासे झाले. टिना ठोकताना दिवसभर गावात आवाज घुमायचा आणि मला तो सनईपेक्षा गोड लागायचा. रमजानचा चांद दिसला तेव्हा एका कोपऱ्यातल्या टिना तेवढ्या राहिल्या होत्या. त्या रहीमच्या माणसांनी पहाटे सहेरीचं खाणं झाल्यावर, उन्हं चढायच्या आत, रोज थोड्या थोड्या ठोकल्या. दौलतसिंगची टोळी खालून टिना देत होती आणि त्या वेळात त्यांच्यापैकी कुणी वरच्यांसमोर पाणी पीत नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मी पाहिलं म्हणून सांगतो.

शेवटची टिन बसली तेव्हा मिरगाला अवकाश होता. सेठ आत जाऊन इंजिनाशेजारी उभा राहिला, वर पाहिलं, एकही भोक दिसेना, आणि तिथेच खाली बसला. हिंगोलीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. आणि गंमत अशी की त्या साली पाऊस हटून बसला. मिरग कोरडा गेला. सेठ म्हणे, उगाच पळवलं मला. दौलतसिंग पहिल्यांदाच मोठ्याने हसला त्या दिवशी. मीही हसलो. छातीवरचं ओझं उतरलं की माणूस कशालाही हसतो.

दसऱ्याला इंजिनाला झेंडूची माळ घातली आणि जीन सुरू झालं. ठरल्या दिवशी. माझ्या डोळ्यांसमोर ठरल्या दिवशी झालेली ती पहिली गोष्ट.

दिवाळीनंतर मी तांड्यात गेलो. दौलतसिंगच्या पोरांचे सदरे द्यायचे होते, दिवाळीचेच. गेलो तो नेमका गाड्या निघायचा दिवस. बायका भांडी बांधत होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घाटा वाजत होत्या. दौलतसिंग शिवेपर्यंत सगळ्यांना पोचवायला गेला होता. गोमतीबाईने मला दारात बसवलं आणि खुणेनेच आत दाखवलं. भुरीबाई भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून गोधडी ओढून पडली होती. सकाळपासून अशीच आहे, बोलत नाही, असं गोमतीबाई म्हणाली.

घाटांचा आवाज लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. दौलतसिंग परत आला आणि खाटेशी बसला. गोधडीतून आवाज आला, "रामी, गेले का सारे?"

"गेले," दौलतसिंग म्हणाला.

गोधडी हलली. म्हातारीचा हात बाहेर आला, त्याच्या तोंडावरून फिरला, मिशीवर थांबला. "तू काहून मांगं राह्यला? चुकशीन त्यायले."

"याडी, मी जातच नाई. दसऱ्यापासून तुले रोज सांगून राह्यलो."

"सांगतात सारेच," ती म्हणाली. आणि मग ती रडायला लागली, लहान पोरासारखी, मोठ्याने. त्यानेही तोंड लपवलं नाही. मला रडू आलं, मी ते सदऱ्यांच्या गठ्ठ्यात पुसलं. इतकं बरं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे.

रडणं आटोपल्यावर म्हातारीने उशाखाली हात घातला आणि एक फडकं ओढून काढलं. गाठ घट्ट होती, तिला सुटेना, गोमतीबाईने सोडली. आत वाळलेले भाकरीचे तुकडे होते. रोजच्या ताटातला एकेक, कुणाला न कळता ठेवलेला, दिवाळीनंतरच्या दिवसांसाठी.

म्हातारीने ते फडकं लेकाच्या ओंजळीत ठेवलं.

"बैलायले घाल," ती म्हणाली.